मदत हवी आहे: डेट्रॉइट टेक्नोची अ‍ॅसिटेट डिस्क खराब होत चाललीये, कशी वाचवू?

नमस्कार मंडळी, टेक्नोबद्दल (डेट्रॉइटमध्ये जन्मलेलं इलेक्ट्रॉनिक नाच-संगीत) इथे विचारतोय कारण जुन्या तबकड्या हाताळलेली माणसं इथे आहेत हे माहितीये.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. मागच्या उन्हाळ्यात एका घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथल्या तळघरातून पन्नासेक रेकॉर्ड्सचं खोकं घेतलं. ज्यांचं होतं ते वारलेत, मुलीला एवढंच ठाऊक की बाबा नव्वदच्या दशकात पार्ट्यांमध्ये वाजवायचे. बहुतेक सगळी व्हाइट लेबल, म्हणजे मधला कागद कोरा, ना गाण्याचं नाव ना कलाकाराचं. पण खाचा संपल्यावर लेबलाच्या आधी जो गुळगुळीत पट्टा असतो ना, तिथे टॉर्च तिरका धरला की हाताने कोरलेली अक्षरं दिसतात आणि अकरा रेकॉर्ड्सवर ‘एनएससी’ निघालं. म्हणजे रॉन मर्फींचं नॅशनल साउंड कॉर्पोरेशन. अंडरग्राउंड रेझिस्टन्स, ट्रान्समॅट या इथल्या टेक्नो लेबलांच्या कितीतरी रेकॉर्ड्सचं कटिंग, म्हणजे मूळ तबकडीवर खाचा कोरायचं काम, त्यांनी केलं. ते २००८ मध्ये गेले, नाहीतर आज सरळ त्यांनाच जाऊन विचारलं असतं.

त्यातली एक दहा इंची डिस्क व्हायनल नाहीच. हाताला जड लागते आणि मधल्या भोकाच्या कडेला अ‍ॅल्युमिनियम चमकतं. ही अ‍ॅसिटेट, धातूवर नायट्रोसेल्युलोजचा थर, प्रत्येक वेळी वाजवताना थोडी झिजते. त्या थरात मऊपणासाठी एरंडेल घालतात, ते वर्षांनी फुटून बाहेर येतं आणि पांढरा तेलकट थर धरतो, तोच आता अर्ध्या डिस्कवर आलाय. मी एकदाच चाळीसेक सेकंद वाजवली, खालून ८०८ या ड्रम मशीनचा ठोका, वर तीनच सुरांची ओळ फिरत राहते, इतकी सुंदर की अंगावर काटा आला, आणि मग खरखर वाढायला लागली तशी घाबरून सुई उचलली. हीच एकमेव प्रत असेल तर?

डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर डिस्कवर कोरलेले आकडे टाकून बघितले, काही नाही. मग पाच-सहा जुन्या कलेक्टर्सना लिहिलं. एकाने फोटो मागवले, आकडे मागवले आणि शेवटी ‘कितीला देणार’ एवढंच विचारलं. दुसऱ्याने नक्की ओळखलीये, बोलण्यावरून कळत होतं, पण म्हणाला हे कळायला मला वीस वर्षं लागली, तुला फुकट का सांगू. त्यांची बाजू मला अगदीच कळत नाही असं नाही, नाव फुटलं की भाव चढतो, बूटलेग, म्हणजे चोरट्या प्रती, निघतात आणि मूळ कलाकाराला दमडी मिळत नाही. पण माहिती त्यांच्या डोक्यात आणि डिस्क माझ्या कपाटात सडतेय, याचा खरंच त्रास होतो हो. आपल्याकडे चीजा अशाच घराण्यात दडवून ठेवायचे, भातखंडे गावोगाव फिरले, गोळा करून छापल्या, म्हणून आज कोणीही उघडून बघू शकतो.

तर विचारायचंय ते असं. पांढरा थर कशाने काढू? लाखेच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांना अल्कोहोल लावायचं नाही हे वाचलंय, पण हिचं काय? सुई कुठली आणि वजन किती ठेवू? एकदाच वाजवून कॉम्प्युटरवर २४ बिट ९६ किलोहर्ट्झमध्ये रेकॉर्ड करून घ्यायचा विचार आहे, की हे स्वतः न करता जुन्या तबकड्या डिजिटल करून देणाऱ्या एखाद्या ट्रान्सफरवाल्याकडेच देऊ? मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधलं कोणी वाचत असेल तर प्लीज लिहा, तुम्ही लोकांनी माहिती वाटत आणलीये. आणि अशा कलेक्टर्सना बोलतं कसं करायचं, कोणाला अनुभव आहे का? विकणार नाहीये हे सांगूनही विश्वास बसत नाही.

ईस्ट ग्रँड बुलेवार्डवर अंडरग्राउंड रेझिस्टन्सचं छोटं टेक्नो म्युझियम आहे, आधी वेळ ठरवून जावं लागतं. तिथे दाखवणारच आहे, आणि रेकॉर्डिंग झालं तर पहिली कॉपी त्या मुलीला. तोवर डिस्क तळघरातून वर आणून कोरड्या कपाटात उभी ठेवलीये, वाजवत नाहीये.