ऊसतोडीवर हार्ट अटॅक, रेशनकार्ड गावाला: दुसरा स्टेंट योजनेत बसेल का?

फडावरचा
आम्ही शिरूर कासारकडचे. आई-आण्णांचा कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) यंदा सांगलीकडं होता. पौषातल्या एका पहाटे मोळी उचलताना आण्णांच्या छातीत कळ आली, घामानं सदरा पिळून निघाला. जवळच्या डॉक्टरनं पित्त म्हणून इंजेक्शन देऊन कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर परत पाठवलं. ईसीजी निघाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर हृदयाचा एक भाग कमजोर झाला होता. रेशनकार्ड गावच्या पेटीत, म्हणून पहिल्या स्टेंटला दवाखान्यानं आधी ४० हजार भरायला लावले. ते मुकादमाच्या उचलीत (आगाऊ घेतलेल्या पैशात) चढले, वर कामावर न गेलेल्या दिवसांचे, खाड्याचे, वेगळे कापले. कारखान्याच्या एखाद्या साहेबाला हीच कळ आली असती तर त्याला कुणी कोपीवर पाठवलं नसतं, हे डोक्यातून जात नाही.

आता दुसऱ्या नसेत ब्लॉक आहे, महिनाभरात स्टेंट टाका म्हणतात. बीडचं केशरी कार्ड सांगलीकडं चालेल का?

आधीची आरोग्यमित्र
चालेल दादा. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेला जिल्ह्याची अट नाही, हॉस्पिटल तेवढं यादीतलं हवं. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं (हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाचं) टेबल गाठा, पैसे भरू नका. कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आजच बघा, तिथंच जास्त माणसं अडकतात. तातडीच्या रुग्णाला फोनवर मंजुरी मिळते, कागद मागून देता येतात. तुमच्या वेळी ते व्हायला हवं होतं. पावत्या जपल्या असतील तर जिल्हा समन्वयकाकडं लेखी तक्रार करा.

कॅथलॅबवाली सिस्टर
योजनेत नाहीच बसलं तर धर्मादाय हॉस्पिटल बघा. तिथं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. आणि एक विचारते, रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या रोज चालू आहेत ना? त्या सुटल्या तर टाकलेला स्टेंटही गच्च बंद होतो. जनऔषधी केंद्रात त्या बऱ्याच स्वस्त मिळतात.

फडावरचा
सिस्टर, तुमचं वाचून आण्णांची पिशवी उघडली. पंधरा दिवसांत संपायची पट्टी अजून अर्धी भरलेली. एक दिवसाआड घेत होते, पाडव्यापर्यंत पुरवायच्या म्हणून. आजची समोर बसून दिली. कार्ड आणायला पहाटेच्या एसटीनं निघतोय. आण्णांचं नाव कार्डावर ‘ज्ञानोबा’ आहे आणि आधारवर ‘ज्ञानदेव’. हे दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील?