विलक्षण कथेपासून कवितेकडे आणि गाण्याकडे: मराठीत अशी वाट आहे का?

सांजवेळ, फोंडा
गेले काही महिने मी एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या कथा वाचतो आहे. भूत दिसण्यापेक्षा जगाचे नियमच उसवल्यासारखे वाटावेत, अशा या कथांना इंग्रजीत ‘विअर्ड फिक्शन’ म्हणतात आणि आपला ‘भयकथा’ हा शब्द मला तिथे अपुरा वाटतो. विशेष म्हणजे या लेखकाने त्याच विषयांवर ३६ सुनीतांची, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांची, मालिका लिहिली. शिवाय १९२८ साली छापून आलेल्या त्याच्या कथुलू नावाच्या अक्राळविक्राळ प्राण्याच्या कथेवरून मेटालिका या अमेरिकन रॉक बँडने १९८४ मध्ये जवळपास नऊ मिनिटांची रचना केली. मराठीत ही वाट कोणी चालले आहे का? भयकथा लिहिणारे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मी वाचले आहेत, पण त्यांच्या कथांतून गाणे जन्मल्याचे आठवत नाही.

तेरेखोलकाठ, पेडणे
मेटालिकाच्या त्या रचनेत शब्दच नाहीत, हे सांगायचे तुमच्याकडून राहिले आणि मला तर तेच महत्त्वाचे वाटते. जे वर्णनापलीकडचे आहे असे लेखक पुनःपुन्हा बजावतो, ते गायकाच्या तोंडी घातले असते तर त्यातले उरले काय असते?

मराठीसाठी मात्र तेरेखोल ओलांडून कुडाळकडे पाहावे लागेल. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘रात्र काळी, घागर काळी’ आणि ‘कोंडुरा’ या कादंबऱ्यांत वासना, श्रद्धा आणि शाप यांच्या ओढाताणीत माणसाला स्वतःचेच मन परके होत जाते. हेच खानोलकर ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहीत, आणि त्यांच्या ‘ये रे घना’ला हृदयनाथ मंगेशकरांनी, म्हणजे आपल्या मंगेशीशी नाते असलेल्या घराण्यातल्या संगीतकाराने, चाल दिली. त्या गाण्यात भुताखेताचा लवलेश नाही. तरीही घनाला बोलावताना वाऱ्याची जी धास्ती जाणवते, ती मला कादंबऱ्यांतलीच वाटते.

घुमटवादक, काणकोण
एकाच माणसाने दोन्ही लिहिले, एवढ्यावरून त्याला प्रभाव म्हणता येणार नाही. प्रभाव पाहायचा तर भयकथाकार एडगर अ‍ॅलन पो यांची घंटांवरची कविता घ्या: बाल्मोंत या रशियन कवीने ती रशियनमध्ये आणताना बरीच बदलली आणि त्या रशियन पाठावर रखमानिनॉफ या संगीतकाराने १९१३ मध्ये वाद्यवृंद, गायक आणि समूहगान यांची मोठी रचना केली. प्रत्येक टप्प्यावर मूळ हललेले आहे. कोणी आता ग्रेस यांचे ‘भय इथले संपत नाही’ पुढे करील, म्हणून आधीच सांगतो की केवळ ‘भय’ हा शब्द आला म्हणून ते या यादीत बसत नाही. माझ्या कानाला ते दुःखाचे गाणे आहे.

विलक्षणाचा सूर आपल्याकडे शोधायचा असेल, तर तो घुमट या आपल्या वाद्यात सापडेल. मातीच्या त्या भांड्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले असते आणि दुसरे उघडे; उघड्या तोंडावर तळहात कमीअधिक झाकला की नाद असा वाकतो, की आतून कोणी हुंकार दिल्याचा भास होतो.

सांजवेळ, फोंडा
तुमचा आक्षेप मान्य. माझी आजी देवचाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीच्या, गोष्टी सांगताना त्याचे रूप कधीच सांगत नसे. बांधावरून येणारा काठीचा ठोका आणि वहाणांची करकर, एवढेच सांगायची. म्हणजे ऐकू येण्यापुरतेच सांगायचे, हे तिलाही ठाऊक होते. ‘कोंडुरा’ आता वाचायला घेतो, आणि पुढच्या शिगम्याला घुमटाजवळ उभा राहीन.