वंचित, मागास की बाधित? ('एन्व्हायर्न्मेंटल जस्टिस ग्रँट' मराठीत कसं म्हणायचं)

पेनशाई
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या लाउन्ड्स काउंटीवर लेख लिहितेय. 'एन्व्हायर्न्मेंटल जस्टिस ग्रँट्स फॉर डिसॲडव्हान्टेज्ड कम्युनिटीज' (म्हणजे घाण-प्रदूषण गरिबांच्याच वाट्याला येतं, ते निस्तरायला सरकार देतं ते पैसे) हे मी 'वंचित समाजांसाठी पर्यावरणीय न्याय अनुदान' असं केलं. संपादकांचा फोन आला, "खटला कुणी जिंकला? आणि वंचित म्हणजे आघाडीवाले का?" दुसरा प्रश्न चेष्टेचा होता, पहिला नव्हता. त्यांना खरंच वाटलं की कोर्टाने भरपाई दिलीय.

मामला थोडक्यात असा. १९६५ चा सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चा ज्या भागातून गेला, तो हा भाग. वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय आणि गरीब, घरं विखुरलेली, बऱ्याच घरांना गटारजोडणी नाही. जमीन चिकण असल्यामुळे सेप्टिक टाक्या तुंबतात, आणि ज्यांना टाकी परवडत नाही त्यांच्या संडासाचा पाइप सरळ घरामागे उघड्यावर सुटतो. वर टाकी नाही म्हणून त्याच लोकांना फौजदारीची भीती. मे २०२३ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने नागरी हक्क कायद्याच्या आधारे राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला आणि ती कारवाई थांबवायला लावली. त्याआधी २०२२ च्या कायद्यात अशा वस्त्यांसाठी देशभरात मिळून ३ अब्ज डॉलर ठेवले होते. २०२५ मध्ये त्यातली बरीच मंजुरी रद्द झाली. हे ज्या प्रकारचे पैसे आहेत, त्यांना काय म्हणू?

जुनीबखर
'अनुदान' मुळातच नको. त्यात 'दान' आहे, म्हणजे घेणारा याचक झाला. आपल्याकडे पेशवाईत 'वर्षासन' होतं, 'नेमणूक' होती. नेमून दिलेली रक्कम, उपकार नाही. हे शब्द मेले कारण आपण दिल्लीहून आलेले शब्द आयते उचलले.

सहीशिक्का
बखरकाका, वर्षासन ब्राह्मणांना आणि देवस्थानांना जायचं. लाउन्ड्सच्या लोकांना वर्षासन लागू करायला आधी पंचांग पाहावं लागेल.

मी पंचायत समितीत नोकरी केली. 'अनुदान'ला वास-बीस काही येत नाही, फक्त शब्द फार ताणलाय. शाळेला मिळतं तेही अनुदान, ठिबकची सबसिडी तेही अनुदान, आणि स्वच्छ भारतमध्ये संडास बांधला की खात्यावर येणारे १२,००० रुपये तेही 'प्रोत्साहन अनुदान'. गावात 'अनुदान आलं का?' म्हणजे 'खात्यात पैसे पडले का?' एवढाच अर्थ. पेनशाई म्हणतात ते पैसे एकेका घराच्या खात्यात जातात की संस्थेला? संस्थेला असतील तर 'सहायक अनुदान' लिहा. त्यामागे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चले याचा दाखला, आलंच, आणि ते आलं नाही की पुढचा हप्ता अडकलाच. तिकडेही काही वेगळं नसणार.

अटलांटाकर
संस्थेलाच. 'कम्युनिटी चेंज ग्रँट' नावाचा जो मोठा प्रकार होता, त्यात अर्ज करायला वस्तीत काम करणारी एक संस्था आणि सोबत दुसरी तशीच संस्था, नाहीतर नगरपालिका, आदिवासींचं सरकार किंवा विद्यापीठ, अशी जोडी लागायची. रक्कम बहुतेकांना १ कोटी ते २ कोटी डॉलर. एकट्या माणसाला दमडी नाही.

पण माझा आक्षेप 'समाज' या शब्दाला आहे. मराठीत 'वंचित समाज' म्हटलं की पुढचा प्रश्न 'कुठला समाज?' हाच येतो, म्हणजे जात. इथे तसं नव्हतं. बायडन सरकारने त्यासाठी एक नकाशा केला होता. जनगणनेसाठी आखलेला एकेक भाग घ्यायचा, तिथलं उत्पन्न, दमा, हवेतले कण, जुन्या घरांतलं शिसं, पुराचा धोका असं बघायचं, आणि त्यावरून तो तुकडा 'डिसॲडव्हान्टेज्ड' ठरवायचा. या निकषांत वंश हा रकानाच नव्हता. आदिवासींच्या जमिनी वेगळ्या धरल्या होत्या, तेवढंच. म्हणजे शब्द माणसांना लागलेला नाही, जागेला लागलाय. म्हणून 'वस्ती'. 'समाज' अजिबात नको.

पेनशाई
अटलांटाकर, हे पटलं. पण 'वंचित वस्ती' लिहिलं की डोळ्यासमोर 'दलित वस्ती सुधार योजना' येते. फिरून जातीवर.

सहीशिक्का
त्या योजनेचं नाव आता 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे' असं आहे. २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय झाला, समतानगर, भीमनगर अशी. लोक अजूनही 'दलित वस्तीचा निधी' म्हणतात. आमच्या साहेबांच्या तोंडातही तेच यायचं.

जुनीबखर
'वंचित' म्हणजे ज्याला काही मिळालं नाही असा अर्थ आता झालाय. मूळ धातू वंच्, म्हणजे फसवणे. वंचना म्हणजे फसवणूक. वंचित म्हणजे ठकवलेला. पैसे देऊ म्हणून २०२५ मध्ये काढून घेतले असतील तर याहून नेमका शब्द मिळणार नाही. तुमच्या संपादकांना हे सांगा.

चेंबूरनाका
व्युत्पत्ती छापून येत नाही हो, शब्द छापून येतो. वाचणारा 'वंचित' वाचणार आणि निवडणूक आठवणार.

आमच्या शेजारी माहुल आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या आणि ती माणसं रिफायनरीच्या तोंडाशी बांधलेल्या इमारतींत नेऊन ठेवली. २०१९ मध्ये हायकोर्टाने त्यांना दुसरं घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या असं सांगितलं. २०२० मध्ये हरित लवादाने तिथल्या कंपन्यांना मिळून २८६ कोटी भरायला सांगितले. आता या सगळ्याला तुमच्या व्याख्येप्रमाणे 'पर्यावरणीय न्याय' म्हणायचं. पण तिथे राहून आलेल्या कुणाच्याही तोंडून मी हा शब्द ऐकलेला नाही. त्यांचा शब्द 'बाधित'. 'आम्ही प्रकल्पबाधित, वरून प्रदूषणबाधित.' तोच घ्या. 'प्रदूषणबाधित वस्त्या' म्हटलं की जात नाही, आघाडी नाही, आणि का पैसे मिळाले तेही कळतं.

वऱ्हाडीठेचा
बाधित म्हटलं की मला तर भूतबाधाच आठवते बाप्पा. नाहीतर कोरोना.

अटलांटाकर
'बाधित'मध्ये अर्धीच गोष्ट येते. प्रदूषण श्रीमंताच्या दारातही असू शकतं. इथे मुद्दा दुहेरी आहे, गरिबीही आणि घाणही. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरेन काउंटीत पीसीबी नावाचं रसायन मिसळलेली विषारी माती पुरायला जागा शोधली ती गरीब कृष्णवर्णीय वस्तीतच. लोक ट्रकांसमोर रस्त्यावर झोपले, शेकड्यांनी अटक झाली. पर्यावरणीय न्यायाची कल्पना देशभर पोचली ती तिथून. १९९४ मध्ये क्लिंटननी त्यावर आदेश काढला, छोट्या ग्रँट्सही त्याच वर्षी सुरू झाल्या. 'बाधित' लिहिलंत तर त्यांनाच का बाधा झाली, हे कुठे येतं?

चेंबूरनाका
ते लेखात यायला हवं ना. एका शब्दात सगळं कोंबायचा हट्ट का?

मधलीसुट्टी
'न्याय'चं राहिलं. 'सामाजिक न्याय विभाग' म्हटल्यावर कुणी विचारतं का, खटला कुणी जिंकला म्हणून? मग 'पर्यावरणीय न्याय'लाच कोर्ट का आठवावं? शब्द नवा आहे म्हणून. 'समाजकल्याण'चं 'सामाजिक न्याय' झालं तेव्हाही लोक अडखळले असतील. चार वेळा छापा, रुळेल. मराठीत 'काकतालीय न्याय' आहे, तिथे कुठे वकील लागतो?

जुनीबखर
'पर्यावरणीय' हाच अडथळा आहे. 'सृष्टिन्याय' म्हणा.

मधलीसुट्टी
काका, सृष्टिन्याय म्हणजे मोठा मासा छोट्याला खातो तो. नेमकं उलटं होईल.

अटलांटाकर
'न्याय' शब्द टाळू नका एवढंच म्हणेन, कारण इकडे त्या शब्दावरूनच तर पैसे गेले. १९९४ चा आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द. तो वर सांगितलेला नकाशाही त्याच महिन्यात संकेतस्थळावरून उतरवला. लाउन्ड्सचा करार एप्रिलमध्ये मोडला, कारण दिलं की यात विविधता आणि पर्यावरणीय न्यायाचं धोरण आहे. मैला अंगणात साचतो ही तक्रार मात्र नागरी हक्क कायद्याखाली आली होती. अलास्कात किपनक नावाचं गाव आहे, नदीकाठ ढासळतोय म्हणून त्यांना २ कोटी डॉलर मंजूर होते. मे २०२५ मध्ये रद्द झाले. ऑक्टोबरात वादळ आलं आणि गाव पाण्यात गेलं, लोकांना विमानाने हलवावं लागलं. ते पैसे असते तरी इतक्या लवकर काठ बांधून झाला नसता हेही खरं, पण लेखात ही तारीख येऊ द्या.

पेनशाई
किपनक घेते. 'ब्लॅक बेल्ट'चं काय करू? लाउन्ड्स त्या पट्ट्यात येतं. 'काळा पट्टा' लिहिलं तर कराटे होतं.

वऱ्हाडीठेचा
ते नाव मातीवरून आलंय ना? आधी काळ्या मातीमुळे, माणसं नंतर. मग सरळ 'काळ्या मातीचा पट्टा' लिहा. आमच्या यवतमाळ-अमरावतीकडे कुणालाही न सांगता कळेल. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग, पावसाळ्यात फुगून बंद, वर चिखल. पाणी मुरतच नाही, निचरा शून्य. असल्या जमिनीत सेप्टिकचं पाणी सोडलं तर ते जाणार कुठं? अंगणातच परत वर येणार. मला तर तिथल्या लोकांचं दुखणं 'न्याय'पेक्षा या मातीवरून जास्त समजलं. आमच्याकडे ग्रामपंचायतीने सांडपाणी मुरवायला शोषखड्डे खोदले, काळ्यात ते दोन पावसाळ्यांत तुंबतात. खाली मुरूम लागेपर्यंत खोदलं तरच टिकतात.

जुनीबखर
'शोषखड्डा' हा काय शब्द आहे! शोष घशाला पडतो. तहानलेला खड्डा?

मधलीसुट्टी
आणि 'शोषण'ही त्याच धातूचं, शुष्. शोषितांसाठी शोषखड्डे. पेनशाई, शीर्षक मिळालं.

पेनशाई
मिळालं, पण संपादक छापणार नाहीत. सध्या 'उपेक्षित वस्त्यांसाठी पर्यावरण-न्याय निधी' लिहून ठेवलंय.

सहीशिक्का
निधी म्हणजे फंड. अनुदान म्हणजे ग्रँट. निधीतून अनुदान देतात. हे दोन एक केलेत तर ऑडिटवाले उभे राहतील.

चेंबूरनाका
दिवाळी अंकाचं ऑडिट कोण करतंय?

सहीशिक्का
माझ्यासारखे निवृत्त. पत्रं लिहितात.

वऱ्हाडीठेचा
ते राहू द्या. मला सांगा, शोषखड्डा आणि जिरखड्डा एकच का? आमचा मिस्त्री जिरखड्डा म्हणतो. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' मधलं जिरवणं. नांदेडकडे 'मॅजिक पिट' म्हणून जे गाजले त्यात मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी बसवतात, ते वेगळं.

जुनीबखर
जिरखड्डा उत्तम. अस्सल. शोषखड्डा सरकारी आहे.

सहीशिक्का
रोजगार हमीच्या अंदाजपत्रकात 'शोषखड्डा'च लागतो. जिरखड्डा लिहिलात तर बिल निघणार नाही.

गवतीचहा
आमच्या रत्नागिरीत दोन्ही शब्द लागत नाहीत. जांभ्यात पाणी ओतलं की गायब. ते शेजाऱ्याच्या विहिरीत जातं की कसं, यावर मात्र आमच्या वाडीत दोन घरं अजून बोलत नाहीत. त्या पाण्याला कुणी काही म्हणतं का?