गोदावरीच्या मुखाशी तांबं, खापर मात्र नाशिकवर?

खडकफोड्या: कालच्या पोस्टचा हिशेब असा: गोदावरीच्या मुखाशी गाळातलं तांबं शेल या चिखलापासून बनलेल्या खडकाच्या दुप्पट, सबब नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत धातूचा मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांनी बंगालचा उपसागर नासवला. अहो, शेलची सरासरी किलोला 45 मिलिग्रॅम. दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टात, तांबं मुळातच 100च्या पुढे, आणि नदी तोच झिजवून नेते! तुलना बेसाल्टशी करा, 63 मायक्रॉनखालचा गाळ चाळून घ्या, ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढा, म्हणजे चिकणमाती कमी-जास्त असली तरी तुलना जुळेल. शिवाय नाशिकचा बराचसा गाळ नांदूरमधमेश्वर नि जायकवाडीच्या धरणांतच बसतो.

गंगाघाट: पोस्ट माझीच. धरणात अडकला की पाप फिटलं का? नांदूरमधमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथले पक्षी तोच गाळ चिवडतात. आणि तुमचा नियम शिशाला लावा की! शेलमध्ये 20, बेसाल्टमध्ये त्याहून बरंच कमी. म्हणजे बेसाल्टशी तुलना केली की तांबं निर्दोष सुटलं, पण शिसं जास्तच अडकलं.

निकेलवाला: दरवेळी कारखानेच का? द्राक्षबागांतलं मोरचूद कुणाला दिसत नाही. एक टक्का बोर्डोत, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या मिश्रणात, 100 लिटरला 1 किलो मोरचूद, त्यात पाव किलो तांबं. एकरी 400 लिटर मारलं की किलोभर तांबं बागेत.

दिंडोरीकर: आला मोठा हिशेबनीस! एकराची वरची 15 सेंमी माती सुमारे 800 टन. सगळं तांबं मातीत उतरलं तरी किलोला सव्वा मिलिग्रॅम.

निकेलवाला: एका फवारणीला. आता वर्षांनी गुणा.

दिंडोरीकर: गुणतो, पण ते चिकणमातीला धरून बसतं, बांध फुटून माती वाहिली तरच नदीत जातं. बोर्डोत लोखंडी खिळा बुडवून तांबडा झाला तर चुना वाढवायचा, एवढं शेतकऱ्याला कळतं. तुमच्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीचा सामू (pH) कोण बघतं?

गंगाघाट: तेच विचारायचं होतं. क्रोमचं पाणी अडीच सामूला मेटाबायसल्फाइटने पिवळ्याचं हिरवं करायचं, मग चुन्याने साडेआठला साका पाडायचा. त्याच टाकीत निकेलचं पाणी सोडलं तर निकेल विरघळलेलंच राहतं, त्याला दहाच्या आसपास लागतं. तेवढा चढवला की क्रोम परत विरघळू लागतं. म्हणून दोन टाक्या. खर्च वाचवायला एकच ठेवतात.

निकेलवाला: सगळेच नाही ठेवत.

गंगाघाट: ठेवतात ते पुरेसे आहेत.

खडकफोड्या: बरं बाबा, शिशाचं मान्य. पण गाळ कशात विरघळवून आकडा काढला, अम्लराजात (नायट्रिक-हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) की हायड्रोफ्लोरिक आम्लात, ते लिहा. अम्लराजात सिलिकेटमधलं सगळं सुटत नाही. आणि पाराही मोजणार असाल तर नमुना 105 अंशांवर वाळवू नका, उडून जाईल आणि तुम्ही इथे 'पारा नाही' म्हणून पेढे वाटाल.