लेकीचं प्रोफाइल चांगलं आहे, पण एमआयटी-स्टॅनफर्डला चान्स कितपत?

गुलबक्षी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. आम्ही डॅलसजवळ राहतो, लेक आता सीनियर इयरला (बारावीला) जाईल म्हणजे २०२६च्या फॉलला कॉलेज. जीपीए अनवेटेड ३.९७ (४ पैकी), शाळेत ६४० मुलांत नववी रँक, सॅट १५६० (१६०० पैकी), कॉलेजच्या पातळीचे एपी विषय ८ झालेत (५ पैकी दोनांत ४, बाकी सगळीकडे ५) आणि सीनियरला अजून चार आहेत. रोबोटिक्स टीमचं प्रोग्रॅमिंग ती बघते, भरतनाट्यम लहानपणापासून, मागच्या वर्षी अरंगेत्रम झालं, शनिवारी लायब्ररीत आजी-आजोबा लोकांना फोन-कॉम्प्युटर शिकवते. मेजर (मुख्य विषय) कॉम्प्युटर सायन्सच (सीएस) हवाय.
यादीत एमआयटी, स्टॅनफर्ड, हार्वर्ड, कार्नेगी मेलन, बर्कली आणि यूटी ऑस्टिन. नवऱ्याचं म्हणणं आपण वीस ठिकाणी भरू, इतक्या ठिकाणी भरल्यावर कुठे ना कुठे लागेलच. मला धाकधूक आहे कारण ओळखीतल्या एकांचा मुलगा हिच्याहून हुशार, त्याला सगळ्या मोठ्या ठिकाणी नकार, आणि त्याच शाळेतली थोडे कमी मार्क असलेली मुलगी आरामात एका आयव्हीला (हार्वर्ड-येलसारख्या जुन्या नामांकित कॉलेजात) गेली. हे नक्की चालतं कसं? खरं सांगा, गोड बोलू नका.

ऑस्टिनकर
रँक नववी म्हणजे यूटीचं टेन्शन सोडा, ६४० मध्ये ती पहिल्या २ टक्क्यांत आहे. २०२६च्या फॉलपासून ऑटो अॅडमिशन (टेक्सासच्या मुलांना शाळेतल्या रँकवर आपोआप मिळणारा प्रवेश) पहिल्या ६ऐवजी ५ टक्क्यांना केलंय तरी ती त्यात बसते. पण (हा पण आपल्या लोकांना फार उशिरा कळतो) ऑटो म्हणजे युनिव्हर्सिटीत प्रवेश, मेजरची गॅरंटी नाही. सीएससाठी वेगळी चाळणी लागते आणि ती कडक असते, ऑटोवाली कित्येक मुलं तिथे गळतात आणि सेकंड चॉइस मेजरला जातात. त्यामुळे दुसरा चॉइस उगाच काहीतरी टाकू नका, जिथे ती खरंच चार वर्षं काढेल असाच टाका.
टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीला पण टॉप १० टक्के ऑटो आहे. तिथे इंजिनिअरिंगला आधी सगळे जनरलला जातात आणि पहिल्या वर्षाच्या जीपीएवर ब्रँच मिळते. सीएस त्याच कॉलेजात येतं, तेव्हा तेही भरून ठेवा.

आकडेमोड
ताई, तुमच्या मिस्टरांच्या गणितात एक गोची आहे. प्रत्येक ठिकाणी ५ टक्के, वीस ठिकाणी भरलं म्हणजे निदान एक तरी लागेल, हे फासे टाकतानाही खरं नाही, तिथेही निदान एक लागण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपासच येते. आणि इथे तर अर्ज तोच, निबंध जवळपास तोच, शिक्षकांची शिफारसपत्रं तीच. ज्या कारणाने एक कॉलेज बाजूला ठेवेल त्याच कारणाने बाकीचीही ठेवू शकतात. शिवाय कॉमन अॅपवर (एकच फॉर्म अनेक कॉलेजांना पाठवायची साइट) २०चीच मर्यादा आहे, बर्कली आणि एमआयटीचा फॉर्म त्याच्या बाहेर वेगळा, आणि प्रत्येक ठिकाणचे जादाचे निबंध धरले तर मुलगी डिसेंबरपर्यंत पार पिळून निघेल, विसावा निबंध कसा उतरेल याचा विचार करा.
आता मार्कांचं. प्रवेशात वंश बघण्यावरून हार्वर्डवर जी केस झाली त्यात कोर्टासमोर आलेले आकडे आहेत, २०१५ला प्रवेश घेणाऱ्या बॅचसाठी अमेरिकेतले अर्ज साधारण २६,०००, त्यात जीपीए परफेक्ट असलेले ८,०००हून जास्त, सॅट मॅथ पैकीच्या पैकी ३,४००. आणि प्रवेश द्यायचा होता दोनेक हजारांना. म्हणजे नुसते परफेक्ट मार्कवालेच घ्यायचे ठरवले असते तरी बहुतेकांना नकारच गेला असता. २०२४ला एमआयटीकडे २८,२३२ अर्ज आले, घेतले १,२७५. तुमच्या लेकीचा १५६० उत्तम आहे, त्याने अर्ज वाचला जाईल, पण १५६०चा १५९० करण्यासाठी उन्हाळा घालवू नका, तिथून पुढे मार्कांनी फरक पडत नाही.
टक्केवारी विचारत असाल तर तिच्यासारख्या अर्जाला एमआयटी, स्टॅनफर्ड, हार्वर्ड या तीन ठिकाणी मी तिथल्या एकूण प्रवेशाच्या टक्केवारीच्या आसपासच धरीन, फारतर किंचित वर. कोणी पैसे घेऊन ३० टक्के सांगत असेल तर ते थापा मारतायत.
आणि प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट नेटवर फुकट मिळतो, त्यातला सी-७ हा तक्ता उघडा. ते कॉलेज रँकला किती, निबंधाला किती, वडील तिथे शिकले असण्याला किती वजन देतं हे त्यांनीच भरलेलं असतं. व्हॉट्सॅप ग्रुपपेक्षा बरा.

मोरपीस७
माझी थोरली दोन वर्षांपूर्वी यातून गेली. तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात आवडलं ते लायब्ररीचं आणि तुम्ही ते सगळ्यात शेवटी, एका ओळीत उरकलंत! रोबोटिक्स आणि अरंगेत्रम वाईट नाही हो, पण सीएसला अर्ज करणाऱ्या आपल्याकडच्या मुलींपैकी निम्म्यांच्या फॉर्मवर हेच असतं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून ते रोज जातं. त्या शनिवारच्या आजी-आजोबांचं काय काय होतं? कोण पुन्हा पुन्हा पासवर्ड विसरतं, कोणाला परगावच्या नातवाला व्हिडिओ कॉल लावता येत नाही, हिने त्यांच्यासाठी काही स्वतः बनवलं का, मोठ्या अक्षरांचं पत्रक, छोटं अॅप, काहीही?
कॉमन अॅपवर एका अॅक्टिव्हिटीला १५० अक्षरं मिळतात, शब्द नाही, अक्षरं, स्पेससकट. तिथे 'ज्येष्ठांना मदत केली, नेतृत्वगुण वाढले' असलं लिहून जागा घालवतात मुलं. किती जण येतात, दर आठवड्याला किती तास, ही गेल्यावर कोण चालवणार, एवढं बसलं तरी खूप. आणि पत्रांसाठी शिक्षकांना आत्ताच विचारा, ऑगस्टनंतर त्यांच्याकडे रांग लागते. ज्यांच्या वर्गात ती प्रश्न विचारून भंडावते ते शिक्षक निवडा, नुसते ए देणारे नकोत. (बर्कलीला सहसा पत्रंच लागत नाहीत, आणि सॅट तर कुठल्याच यूसीमध्ये (कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटी, बर्कली त्यातलीच) बघत नाहीत, तिथे साडेतीनशे शब्दांची चार उत्तरं हाच सगळा खेळ.)
एका नावाजलेल्या ठिकाणचा फी भरून केलेला समर प्रोग्रॅम आम्ही मोठ्या कौतुकाने टाकला होता. काडीचा उपयोग झाला नाही.

धोपटमार्ग
एक विचारू का, मुलगी सिटिझन आहे की एच-फोरवर (एच-वन व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा)? कारण एच-फोर असेल तर सगळंच बदलतं. फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) भरता येत नाही, आणि बहुतेक प्रायव्हेट कॉलेजं तिला इंटरनॅशनल धरतात, म्हणजे मदत मागितली की निवडीवर परिणाम होऊ शकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी थोडीच ठिकाणं इंटरनॅशनल मुलांचीही ऐपत न बघता निवड करतात.

गुलबक्षी
सिटिझन आहे, जन्म इथलाच. पैशांचं बोलायला संकोच वाटत होता पण आता विषय निघालाच आहे तर, आमचे दोन पगार आहेत, धाकटाही मागे आहे. कार्नेगी मेलनला अर्ली डिसिजन टाकलं तर चान्स वाढतो म्हणे?

धोपटमार्ग
थांबा थांबा. अर्ली डिसिजन बांधील असतं, लागलं की जायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, दुसऱ्याची ऑफर दाखवून घासाघीस नाही. आधी त्यांच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल ते दाखवणारा) भरा, तुमच्या टॅक्स रिटर्नचे आकडे घालून, आणि येईल तो आकडा नवरा-बायको दोघांनी बसून बघा. झेपत असेल तरच अर्ली डिसिजन. हार्वर्ड आणि एमआयटीने आता दोन लाख डॉलरखालच्या उत्पन्नाला ट्यूशन माफ केलीय, पण दोन आयटी पगार त्याच्या वर जातात आणि तिथेच आपल्या लोकांची पंचाईत होते. बर्कली तर आउट ऑफ स्टेटला जवळपास प्रायव्हेटच्याच भावात. पीएसएटीचा (सॅटच्या आधीची सराव परीक्षा) स्कोअर किती आहे तिचा? त्यावरून नॅशनल मेरिट स्कॉलरशिपमध्ये येत असेल तर यूटी डॅलस अशा मुलांना भरघोस पैसे देतं, घराजवळही आहे.

ऑस्टिनकर
+१. आणि यादी खालून बांधा. आधी दोन अशी ठिकाणं जिथे नक्की लागेल, परवडेल आणि तिला आवडेल, मग वरची. एमआयटी-स्टॅनफर्ड जरूर भरा, फक्त स्टॅनफर्डला अर्ली (लवकरचा अर्ज) टाकलंत तर तेव्हा दुसऱ्या प्रायव्हेटला अर्ली भरता येत नाही, एमआयटीला तशी अट नाही. आणि मुलीचं स्वतःचं काय म्हणणं आहे, ते कुठे आलंच नाही?

गुलबक्षी
आज जेवताना विचारलं. म्हणाली मला यूटीच आवडलंय, तिथल्या सीएसला ट्युरिंग स्कॉलर्स म्हणून ऑनर्स आहे ते हवंय, हार्वर्ड बाबांनी यादीत टाकलंय! नवरा गप्प बसला थोडा वेळ, मग म्हणाला बरं, वीसऐवजी दहा करू. पीएसएटी बघून सांगते. लायब्ररीचं विचारलं तर एकेका आजोबांच्या गमती सांगत बसली, निम्मं मला माहीतच नव्हतं. इथे कोणाच्या मुलांनी ट्युरिंगचा अर्ज केलाय का? त्याचे निबंध वेगळे असतात का आणि कधीपर्यंत द्यावे लागतात?