मनपाच्या स्विमिंग टँकचा रेट बोर्डावर एक आणि खिडकीवर दुसरा, खरा कुठला?

कोरडा_टॉवेल

नमस्कार मंडळी. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, आईला त्याच टँकवर जायचंय आणि तिथला माणूस आधीच मला ओळखायला लागलाय.

तर झालं असं, आईचे गुडघे गेलेत, वय ६७, डॉक्टर म्हणाले जिने-बिने कमी करा, पाण्यात व्यायाम करा. घरापासून दहा मिनिटांवर मनपाचा तलाव आहे. उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे, त्यावर वीसेक नावं आहेत, आत गेटजवळ एक गंजलेला बोर्ड आहे ज्यावर लिहिलंय मासिक पास ५०० आणि ज्येष्ठ नागरिकांना निम्मा दर. खिडकीवरचा पोरगा म्हणतो १२००. मी म्हटलं बोर्ड? तर म्हणे तो जुना आहे, आता टँक आमच्याकडे चालवायला आहे. म्हटलं बरं, ज्येष्ठ नागरिक? म्हणे ते सकाळी सहाच्या बॅचला फक्त, आणि ती फुल आहे. वर टोपी त्यांच्याकडूनच घ्यायची, कोच कम्पल्सरी (आईला पोहायचं नाहीच आहे, कमरेइतक्या पाण्यात चालायचंय!!) आणि पैसे फोनवरून त्याच्या पर्सनल नंबरला टाकायचे. पावती मागितली तर वहीत नाव लिहून घेतलं.

प्रश्न दोन. एक, खरा रेट कोण ठरवतं आणि तो बघायचा कुठे? दोन, दरवर्षी एप्रिल-मेमध्ये सूट जायला नको म्हणून धावत जाऊन घरपट्टी भरतो ती मग कशाची? त्यात हे येत नाही का?

साधा_माणूस

क्लबच्या मेंबरशिपला लाखात मोजावे लागतात, इथे १२०० ला धागा काढलाय. सगळ्यांना सगळं फुकट पाहिजे.

निवृत्त_कारकून

साधा माणूस साहेब, त्यांनी फुकट मागितलेलं नाही, पावती मागितली आहे.

टॉवेल, मी एका महापालिकेत बरीच वर्षं काढली, त्यातली बहुतेक कर विभागात, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. घरपट्टीचं बिल कधी उलटं-सुलटं करून वाचलंय का? लोक खालचा आकडा बघतात आणि शिव्या घालतात. वर ओळी असतात: सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, जललाभ, मलनिःसारण लाभ, वृक्ष कर, पथकर, आणि शेवटी राज्य सरकारचा शिक्षण कर आणि रोजगार हमीचा कर, जे मनपा फक्त गोळा करून पुढे पाठवते. शहरागणिक नावं थोडी इकडेतिकडे. यात पोहण्याचा तलाव नावाची ओळ नाही.

आता कायदा. मुंबईला स्वतःचा १८८८ चा आहे, बाकीच्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्यात कलम ६३ म्हणजे मनपाने करायलाच हवीत अशी कामं, रस्ते, दिवे, गटारं, पाणी, आग विझवणं, स्मशान. आणि कलम ६६ म्हणजे करावीशी वाटली तर करा अशी कामं. पोहण्याचे तलाव, बागा, नाट्यगृहं ही या दुसऱ्या टोपलीतली. म्हणजे तलाव नाही बांधला तर तुम्ही कोर्टात जाऊन बांधा म्हणू शकत नाही. बांधला तर फी लावता येते. पण (हा पण महत्त्वाचा) फी किती ते मनपा ठरवते, ठेकेदार नाही. करांचे दर तर मुख्य सभेला दरवर्षी २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. तलाव, हॉल, मैदान यांच्या फीसाठीही ठराव लागतो, त्याला नंबर असतो, तारीख असते. तलाव चालवायला दिला की टेंडरच्या अटीत दरपत्रक जोडलेलं असतं आणि कमाल दर त्यात लिहिलेला असतो. खिडकीवरच्या पोराला फक्त एवढंच विचारा, "ठराव क्रमांक सांगता का?" आवाज न चढवता.

आता मनपा स्वतः का चालवत नाही हे पण ऐका, नाहीतर सगळा दोष ठेकेदारावर जाईल. आमच्या वेळी जकात होती, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. नाक्यावर रोज रोख पैसा यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी आयुक्तांना आकडा माहीत असायचा. मग ती काढून एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणला, पुण्यात २०१३ च्या एप्रिलपासून, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली वगैरे आठवत असेल. तोही २०१५ च्या ऑगस्टपासून बहुतेकांना माफ. मुंबईची जकात तेवढी २०१७ च्या जुलैत जीएसटी येईपर्यंत टिकली. आता राज्याकडून भरपाईचा हप्ता येतो. म्हणजे हातात स्वतःचं असं काय राहिलं, तर घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचे पैसे. घरपट्टी वाढवली की मतं जातात. मग नजर जाते ती अशा किरकोळ फीकडे आणि चालवायला देण्याकडे. लाइफगार्ड, क्लोरीन, फिल्टर, वीज, हे ५०० च्या पासात भागत नाही हे खरंच आहे. पण भागत नाही तर सभेत दर वाढवून घ्या ना, वहीत कशाला लिहिता?

आणखी एक. २०२२ च्या मार्चपासून कितीतरी वर्षं मुंबई-पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात ठराव प्रशासकाच्या सहीने झालेत, तेही ठरावच असतात. "सभाच नव्हती हो" हे कारण ऐकून घेऊ नका.

भायखळा_स्लो

काका मस्त समजावलंत. पण ती दोन टोपल्यांची गोष्ट मला थोडी डेंजर वाटते हां, कारण "ऐच्छिक" म्हटलं की वाटेल तो रेट लावायला मोकळे.

आमची राणीची बाग बघा, भायखळ्याचं पालिकेचं प्राणिसंग्रहालय. २०१७ च्या ऑगस्टच्या आधी मोठ्यांना ५ रुपये, पोरांना २. मग पेंग्विन आले आणि ५० नि २५ झाले. दहापट! आईवडील आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर १०० त चौघं. तेव्हा मीही चिडले होते, वर्तमानपत्रात पण बरंच आलं होतं. पण खरं सांगू का, आता भाच्यांना नेते तेव्हा खटकत नाही, कारण रेट गेटवर लिहिलेला असतो, तिकीट छापील मिळतं, आणि १०० रुपयांत चार जणांचा अख्खा दिवस मुंबईत अजून कुठे जातो. मॉलमध्ये पार्किंगलाच तेवढे जातात. सकाळी चालायला येणाऱ्यांचा पास ३० वरून १५० केला तेव्हा ती मंडळी जास्त भडकलेली, ते मला बरोबर वाटतं, कारण ते जनावरं बघायला येतच नाहीत, झाडाखाली चालायला येतात.

पण जिथे खरंच संताप येतो ती फी ५ रुपयांची आहे. सार्वजनिक मुतारी. बाप्यांना लघवी फुकट, बायकांना पैसे. विचारलं तर काउंटरवरचा म्हणतो तुम्ही आत काय करता आम्हाला काय कळणार. मुंबईत २०११ पासून राइट टू पी वाल्या बायका याच्यावर भांडतायत, आणि २०१५ च्या डिसेंबरात हायकोर्टाने सगळ्या महापालिकांना सांगितलं की बायकांसाठी रस्त्यावर पुरेशी आणि स्वच्छ स्वच्छतागृहं करा, त्यासाठी कमिटी नेमा. तरी अजून कुठल्याही स्टेशनाबाहेर उतरले की मी आधी पर्समध्ये सुट्टे बघते. बाजारात दिवसभर बसणारी भाजीवाली तीनदा गेली तर १५ रुपये, महिन्याचे किती झाले ते तुम्हीच करा. तिला पेंग्विन नकोच आहेत.

उलट मेल्यावर मुंबईत सोय आहे. पालिकेच्या स्मशानात लाकडं फुकट मिळतात, बाबांच्या वेळी मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, आम्ही पैसे काढून आणले होते आणि तिथला माणूस म्हणाला ठेवा.

निवृत्त_कारकून

ताई, बरोबर. मुतारी ६३ मध्येच येते, ती ऐच्छिक नाही. तिथे माझा वाद नाही.

अर्ज_लिहिणारा

टॉवेल भाऊ, ठराव क्रमांक तोंडी कोणी देणार नाही, माहिती अधिकार टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर (आपल्या राज्याचा नियमच आहे, दोन विषय घातले की परत येतो, माझा आलाय). कहाणी लिहू नका, आईचे गुडघे वगैरे काही नको. फक्त कागद मागा: अमुक तलावाचा करारनामा, मंजूर दरपत्रक, दर मंजुरीचा ठराव, आणि गेल्या वर्षीचे तपासणी अहवाल. "का" असं काही विचारू नका, "का" ची माहिती देत नाहीत, फक्त असलेला कागद देतात. ३० दिवस. झेरॉक्सचे पानाला २ रुपये.

आणि तो जर म्हणाला १२०० मध्ये जीएसटी आहे तर पावतीवर जीएसटी नंबर दाखव म्हणा. नंबर नाही तर जीएसटी कसला.

पुण्याच्या लोकांना ४० टक्क्यांचं आठवतंय ना? स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून घरपट्टीत सवलत, २०१८ ला ऑडिटवाल्यांच्या आक्षेपावरून बंद, मग मागच्या फरकासकट बिलं आली, शेवटी २०२३ ला सरकारने परत चालू केली पण पीटी-३ फॉर्म भरून घर स्वतःच वापरतो हे सिद्ध करायला लावलं. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांनी तो फॉर्मच भरला नाही आणि मग ग्रुपवर मनपाला शिव्या. कागद वेळेवर दिला असता तर काही नव्हतं.

ढगाळ_इंग्लंड

उशिरा आलो, पण विषय आवडीचा आहे. गंमत म्हणजे काकांच्या दोन टोपल्या इथे इंग्लंडमध्येही तशाच आहेत. काउन्सिलने (म्हणजे इथल्या मनपाने) करायलाच पाहिजे अशी कामं वेगळी (म्हाताऱ्यांची देखभाल, मुलांचं संरक्षण, कचरा, लायब्ररी) आणि मर्जीची वेगळी, स्विमिंग पूल मर्जीच्या टोपलीत. पैसे कमी पडले की कुऱ्हाड त्यावरच. पूल इथेही बहुतेक ठिकाणी काउन्सिल स्वतः चालवत नाही, कुठल्यातरी ट्रस्टला नाहीतर कंपनीला दिलेले असतात. फरक एवढाच की रेट वेबसाइटवर असतो, त्याच्यापेक्षा एक पेनी जास्त कोणी मागत नाही. पण तो रेट दर एप्रिलला वाढतो त्याचं काय.

काउन्सिल टॅक्सची (इथली घरपट्टी) एक गोष्ट ऐकून इथे नवीन आलेल्यांचा विश्वास बसत नाही. घराचा बँड ए ते एच, आणि तो ठरतो १ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत काय असती त्यावरून. "असती" म्हणजे खरंच असती, २०१५ ला बांधलेल्या घराचीही १९९१ ची किंमत काढतात. तेव्हा निदान मुंबईवाल्यांनी तक्रार करू नये, तुमच्याकडे २०१० पासून भांडवली मूल्यावर (घराच्या बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर) आकारणी आहे. एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट, माझा रूममेट निघून गेल्यावर मला त्याच्यापेक्षा त्या सवलतीचाच आनंद जास्त झाला होता.

त्या टॅक्समध्ये पाणी नाही हां, ते बिल वेगळं. बागेतला पालापाचोळा उचलायला आमच्याकडे वर्षाची वेगळी वर्गणी. जुना सोफा टाकायचा तर फोन करून पैसे भरायचे. पण लायब्ररीतून पुस्तक घरी नेण्याला पैसे लावता येत नाहीत, १९६४ च्या कायद्यानेच बंदी आहे. हे मला सगळ्यात भारी वाटतं.

टॉवेल, तुमच्या आईंसारख्यांसाठी सरकारने २००९ ला इथे ६० वरच्यांना आणि १६ खालच्यांना पोहणं फुकट केलं होतं. २०१० च्या जुलैअखेर बंद, पैसे नाहीत म्हणून. आणि बर्मिंगहॅमचं तर वाचलंच असेल, एवढं मोठं काउन्सिल, २०२३ च्या सप्टेंबरात जाहीर करून टाकलं की खर्च झेपत नाही, आणि पुढच्या एप्रिलला काउन्सिल टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वर. दहा नाही, ९.९९. बाटाच्या चपलेसारखं.

साधा_माणूस

मी फक्त एवढंच म्हणत होतो की पैसे दिल्याशिवाय क्लोरीन येत नाही. वहीचं मी वाचलं नव्हतं. ते चूक आहे.

कोरडा_टॉवेल

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. माहिती अधिकार टाकला, पण त्याच्या आधीच काकांचा मंत्र वापरून बघितला. शनिवारी गेलो आणि हळू आवाजात विचारलं, ठराव क्रमांक सांगता का. पोरगा आत गेला. आतून एक मोठे साहेब आले, चहा विचारला (!), म्हणाले तुम्ही कुठल्या खात्यात आहात. मी म्हटलं मी कुठल्याच खात्यात नाही, मी आईचा मुलगा आहे. त्यावर त्यांनी ड्रॉवरमधून छापील पावतीपुस्तक काढलं, म्हणजे ते होतंच! त्यात दर ७०० लिहिला होता, ज्येष्ठांना ३५०. म्हणजे बोर्ड जुना होता हे त्या पोराचं खरं निघालं, फक्त पुढचं खोटं.

आईचा पास झाला ३५० ला, कोच नाही, टोपी घरची. बॅच मात्र सहाचीच, तिथे साहेब हलले नाहीत, म्हणे दुपारी बारा ते एक महिलांची आहे पण त्यात ज्येष्ठ सवलत नाही. हे दरपत्रकात आहे का ते कागद आले की बघतो. आईचं म्हणणं असं की सकाळी सहाला थंड पाण्यात उतरण्यापेक्षा ७०० दे आणि मला बाराला सोड, उगाच भांडू नकोस. मी म्हटलं ३० दिवस थांब.

अर्जवाले भाऊ, एक विचारायचं राहिलं, पहिलं अपील करायचं झालं तर ते वॉर्ड ऑफिसलाच द्यायचं की मेन बिल्डिंगला?