फोटोचा रोख नकाशावर कसा दाखवावा?

प्रश्न
आमच्या ट्रेकिंग गटाकडे राजगड, तोरणा आणि सिंहगड परिसरातील जिओटॅग (फाइलमध्ये नोंदलेले स्थान) असलेल्या फोटोंचा मोठा संग्रह आहे. नकाशावर टाकल्यावर बालेकिल्ल्यावर आणि माच्यांवर ठिपक्यांची गर्दी होते, पण कोणत्या ठिपक्यावरून काय दिसते हे कळत नाही. मला तोरण्यावर काढलेले नव्हे, तर ज्यांत तोरणा दिसतो असे फोटो शोधायचे आहेत. कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १
फोटोच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे कॅमेरा फाइलमध्येच साठवतो त्या नोंदींत, अक्षांश-रेखांशांबरोबर कॅमेऱ्याच्या रोखाचा दिगंशही (उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा) असू शकतो; त्यात उत्तर म्हणजे ०, पूर्व म्हणजे ९०. त्यासाठी मूळ फाइलच घ्यावी, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत ही माहिती उरत नाही. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरणा साधारण ३०० अंशांवर, सुमारे सात किलोमीटर दूर आहे. सिंहगड ३० अंशांच्या आसपास, तर पुरंदर जवळजवळ पूर्वेला. मात्र नेमका ३०० हा आकडा शोधून भागणार नाही. फोनची मुख्य लेन्स आडव्या फोटोत सुमारे ६५ ते ७० अंशांचा पट्टा टिपते, त्यामुळे २७० अंशांवर, म्हणजे थेट पश्चिमेला रोखलेल्या फोटोतही तोरणा उजव्या कडेला सापडू शकतो.

प्रतिसाद २
हे काम क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत उत्तम होते. 'इम्पोर्ट जिओटॅग्ड फोटोज' या साधनाने फोटोंचा बिंदुस्तर (नकाशावरील ठिपक्यांचा थर) तयार होतो आणि त्यात दिशेचा स्तंभही येतो. पुढे 'क्रिएट वेज बफर्स' वापरून प्रत्येक बिंदूपासून पाचरीच्या आकाराचे दृश्यक्षेत्र काढावे. त्याआधी स्तर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (नकाशा सपाट मांडण्याच्या पद्धतीत) आणणे आवश्यक आहे, नाहीतर त्रिज्या मीटरऐवजी अंशांत धरली जाते. तोरण्याची सीमा रेखाटून तिला छेदणाऱ्या पाचरी निवडल्या की हवे ते फोटो हाती येतात.

प्रतिसाद ३
वरील पद्धत योग्यच आहे, परंतु पाचर तोरण्यापर्यंत पोचली म्हणजे तोरणा दिसलाच, असे धरू नये. मध्ये बालेकिल्ल्याचा कडा आला तर फोटोत कातळाखेरीज काहीच नसते. त्यासाठी उंचीच्या प्रारूपावर (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावर) व्ह्यूशेड, म्हणजे त्या जागेवरून प्रत्यक्ष दिसणारा भूभाग, काढून पाहावे. फोनच्या होकायंत्रावरही फार विसंबू नये. खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतील फरक आपल्याकडे अगदी अल्प असल्याने तो सोडून द्यावा, पण लोखंडी रेलिंगजवळ किंवा गाडीपाशी उभे राहून काढलेल्या फोटोत दिशा कितीतरी अंशांनी चुकते. म्हणून पाचर थोडी रुंदच ठेवावी.

ज्या फोटोंत दिशा नोंदलेलीच नाही, तेही टाकून देऊ नयेत. राजगडाच्या संजीवनी माचीवरून काढलेल्या फोटोच्या मध्यभागी तोरण्याची बुधला माची ओळखू येत असेल, तर फोटोच्या स्थानापासून बुधल्यापर्यंत नकाशावर रेषा काढून तिचा दिगंश मोजावा आणि तो हाताने भरावा. विकिमीडिया कॉमन्सवर फोटो चढवताना स्थानाच्या साच्यात हाच आकडा देता येतो. तो अवश्य द्यावा, म्हणजे अनोळखी अभ्यासकालाही आपला फोटो कुठे पाहतो ते कळेल.